विठ्ठलरावांच्या हातातली लडी

उज्ज्वलाचा हात आधी चालतो आणि तोंड मागून, असं उमरखेडला त्यांच्या गल्लीत म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मागच्या उन्हाळ्यात नळावर एका बाईने तिच्या बादलीला लाथ मारली. उज्ज्वलाने ती बादली उचलून त्याच बाईच्या डोक्यावर पालथी घातली आणि मग विचारलं, "काय म्हणत होती तू?" अशी ही बाई दुपारची कामं आटोपली की ओट्यावर बसून बोटाएवढे मोजे विणते. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की बारशाच्या आत उज्ज्वलाचं टोपरं आणि मोज्यांची जोडी तिथे पोचलेली असते. नळावरच्या त्या बाईच्या नातवालासुद्धा पोचली होती. तिचा नवरा संजय बसस्टँडमागे विहिरींवरच्या पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. तो म्हणतो, "मी तांब्याची तार गुंडायतो, हे लोकर गुंडायते. आमच्या घरात सरळ असं काहीच नाई."

यंदाच्या थंडीत मात्र मोजे घरातल्याच बाळाचे होते. एकुलती एक लेक अपेक्षा सातव्या महिन्यात राजूरहून बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली, तिला सगळे सोनू म्हणत, आणि आता सोनूला तीन महिने भरले होते. जावई अमर तिकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा. रविवारी तो बायकोला आणि लेकीला न्यायला येणार होता.

बाळाचे पहिल्या थंडीचे मोजे नव्या लोकरीचे करायचे नाहीत, हा उज्ज्वलाच्या आजीचा, मैनाबाईचा दंडक. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने अंगावर वापरलेला स्वेटर उसवायचा, लोकर धुवायची, लडी करून वाळवायची आणि त्यातून मोजे विणायचे, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं. उज्ज्वलाच्या पेटीत आबाजींचा, म्हणजे आजोबा विठ्ठलरावांचा हिरवा स्वेटर पंचवीस वर्षं डांबरगोळ्यांत पडून होता. तो तिने उसवला. अर्ध्या लोकरीचा गुंडा केला, अर्धी तशीच लडीत ठेवली.

गुरुवारी दुपारी मायलेकी विणायला बसल्या. एक मोजा आईने घेतला, एक लेकीने. अपेक्षाचा हात आईच्याच हाताखाली तयार झालेला. शाळेत होती तेव्हापासून दोघींनी एकच स्वेटर आळीपाळीने विणावा आणि कोणती ओळ कुणाची ते कुणाला ओळखू येऊ नये, इतका त्यांचा टाका सारखा. पण दोन्ही मोजे शेजारी ठेवले तेव्हा लेकीचा मोजा आईच्या मोज्यापेक्षा दीड बोट रुंद भरला.

"हे काय विणलं? चाळणी?" उज्ज्वला डाफरली. "टाके पाहाय कसे आ करून राह्यले."

अपेक्षाने आपला मोजा ओढून घेतला. तिने पुन्हा सुया हातात घेतल्या, आणि तेव्हा उज्ज्वलाला दिसलं. विणताना लोकर उजव्या करंगळीला एक वेढा देऊन धरतात, त्याने टाक्याला ताण राहतो. अपेक्षाची करंगळी वाकतच नव्हती. खिळ्यासारखी सरळ उभी होती आणि लोकर तिच्यावरून घसरत होती.

"कुकरचं झाकण पडलं," अपेक्षा घाईने म्हणाली.

उज्ज्वलाने तिचा हात ओढून घेतला. करंगळीच्या मुळाशी हरभऱ्याएवढी गाठ होती. "झाकण पडलं तं नख फुटते. हे मुळातून मोडलं. कोणं मोडलं?"

सहा महिने पोरगी घरात, आणि आपण दुपटी धुण्यात आंधळ्या झालो. उज्ज्वलाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग अपेक्षाने सांगितलं, मान खाली घालून, सोनूला थोपटत थोपटत. पाचवा महिना होता. अमरने तीन वेळा फोन केला आणि हिची झोप लागली होती. तो घरी आला, हिचा हात खाटेच्या पाटीवर दाबून धरला आणि म्हणाला, तीन कॉल, तीन बोटं. करंगळीपासून सुरुवात केली. ती कडकन मोडली तसा तो थांबला आणि स्वतःच रडायला लागला. हळद लावली. दुसऱ्या दिवशी साडी आणली. त्याआधी पट्ट्याने मारलं होतं, एकदा डोकं भिंतीवर आपटलं होतं. एकदा पोटावर लाथ यायची ती हिने फिरून कमरेवर घेतली.

"आणि तू काय केलं?"

"मी त्याच्यासाठी स्वेटर घातला विणायले," अपेक्षा म्हणाली. "तूच सांगायची ना आई. आबाजी किती तापट, पण आजीनं लोकरीची लडी हातात देऊन बसवलं का गाईवानी होऊन जायचे. मले वाटलं, माणूस थंडा होते. वेळ लागते."

 उज्ज्वलाने लेकीला लहानपणापासून जोजवलं होतं ते याच गोष्टीवर. पुसदपासून दोन कोसांवरच्या गावातली ओसरी, थंडीतलं कोवळं ऊन, दोन्ही हात पुढे करून बसलेले धिप्पाड आबाजी, त्यांच्या मनगटांवर लोकरीची लडी, आणि समोर पाटावर बसून भराभर गुंडा करणारी आजी. सगळं अगदी खरं होतं. फक्त अर्धं होतं.

आबाजी उज्ज्वलाचा जीव की प्राण. धोतराच्या सोग्यात बांधून बोरं आणायचे. हुरड्याचं पहिलं कणीस हिच्याच हातावर पडायचं. एकदा हिला ताप चढला तेव्हा त्यांनी भर पुरात हिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला होता आणि पुसदच्या दवाखान्यात नेलं होतं. आणि हेच आबाजी आजीला मारायचे. असा माणूस आवडावा का, हे उज्ज्वलाला आजही सांगता येत नाही. आवडायचा, एवढं खरं.

ती नऊ वर्षांची असताना बैलांना पाणी दाखवायला उशीर झाला म्हणून आबाजींनी भर अंगणात आजीच्या पाठीवर बैलांचा चाबूक ओढला. पोलकं फाटलं आणि पाठीवर रक्ताची रेघ उठली. दुसरा फटका मानेवर बसला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा आजी वळली. तिच्या हातात विणायची दहा नंबरची पोलादी सुई होती. ती तिने आबाजींच्या मांडीत अर्ध्यापर्यंत खुपसली.

आबाजी बैल डुरकावा तसे ओरडले आणि खाली बसले. धोतर लाल झालं. आजीने सुई उपसून काढली, पदराला पुसली, जखमेवर हळद दाबली. मग लोकरीची लडी आणून त्यांच्या दोन्ही हातांवर चढवली आणि त्यांना रस्त्याकडे तोंड करून ओसरीवर बसवलं. "गुंडा होईस्तोवर हात खाली आला तं दुसरी सुई आहे माह्याजवळ," ती म्हणाली. "आणि कोणं विचारलं तं खरं सांगाचं."

विहिरीवर जाणाऱ्या बाया, शेतावरून येणारे गडी, सगळे थबकायचे. काय विठ्ठलराव, बायकोची लोकर धरून राह्यले? आणि ज्यांच्यासमोर गावात कुणी मान वर करत नसे ते विठ्ठलराव दर वेळी सांगायचे, "मारलं मी तिले." अकरा वेळा सांगितलं. उज्ज्वलाने खांबाआडून मोजलं होतं. त्यानंतर त्यांचा हात कधी उठला नाही, आणि दर थंडीला लडी निघाली की ते न बोलावता हात पुढे करून ओसरीवर येऊन बसत.

हे सगळं तिने अपेक्षाला सांगितलं. अपेक्षाने सुईचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं.

"हे अर्धं मले आधी काहून नाई सांगतलं?"

"लेकराले काय चाबूक सांगाचा?"

"माह्याजवळही सुया होत्या, आई," अपेक्षा म्हणाली. "मले माहीत नोतं का त्या अशा बी असतात."

संजयला कळलं तेव्हा तो दुकान उघडं टाकून आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, आत्ता उठायचं आणि पोलिसात जायचं. पण उज्ज्वलाच्या डोक्यात आजी शिरली होती. एवढा उन्मत्त विठ्ठलराव एका लडीने वठणीवर आला, तर हा कालचा पोरगा कोण लागून गेला? रविवारी त्याला लडी धरायला बसवू, गल्लीसमोर खरं बोलायला लावू, असं तिने ठरवलं. संजयने कपाळावर हात मारला. शेवटी अपेक्षाच म्हणाली, "बसला आणि खरं बोलला तं जाईन मी. नाई बसला तं नाई जाणार. मंग मले कोणी समजवाचं नाई." त्या एका लडीवर पोरीचा जीव टांगला गेला, आणि टांगला आईने.

अमर रविवारी अकराच्या बसने आला. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा. तोंडाचा गोड. सासूच्या पाया पडला, सोनूला उचलून हवेत झेललं. पुरणपोळीवर तूप घेतलं, वरून आणखी घेतलं. जेवण झाल्यावर उज्ज्वलाने त्याला ओट्यावर खुर्ची दिली.

"जावईबापू, हात करा पुढं. लेकीच्या मोज्याची लोकर आहे, एवढी लडी धरा."

त्याने हसत हात पुढे केले. उज्ज्वलाने हिरवी लडी त्याच्या मनगटांवर चढवली आणि गुंडा करायला घेतला. अपेक्षा उंबऱ्यात बसून उसवलेला मोजा पुन्हा विणत होती, बाजूच्या झोळीत सोनू झोपली होती. संजय आत दाराआड उभा होता. समोरच्या ओट्यावर हंसाबाई तूर पाखडत होती. गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात चौकस बाई. तिच्याकडून जे विचारलं जायला हवं होतं ते तिने विचारलंच.

"काय जावईबापू, सासूची लोकर धरून राह्यले?"

"हो ना मावशी. सेवा करून राह्यलो."

"खरं सांगा त्यायले," उज्ज्वला गुंडा फिरवत हळूच म्हणाली. "बायकोचं बोट मोडलं म्हणून धरून राह्यलो, असं सांगा."

हंसाबाईचं सूप थांबलं. अमरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे अपेक्षाकडे वळले. मग त्याने दोन्ही हात ताडकन फाकवले. लोकर तुटायला काही जोर लागत नाही. विठ्ठलरावांचा स्वेटर तुकडे तुकडे होऊन ओट्यावर पडला.

"माहेरी बसून माही बदनामी करतं, रांडे!" त्याने अपेक्षाची वेणी धरली आणि तिला उंबऱ्यातून बाहेर ओढलं. तिचं कपाळ चौकटीवर आदळलं. उज्ज्वला मध्ये घुसली, तर त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. दात ओठात घुसला आणि तोंड रक्ताने भरलं. सोनू झोळीत किंचाळायला लागली. अमरने दुसरा हात अपेक्षाच्या गळ्याकडे नेला. उज्ज्वलाचा हात आयुष्यात पहिल्यांदा मागे पडला, कारण तिच्याआधी लेकीचा चालला होता.

अपेक्षाने सुई त्याच्या दंडात घातली. चांगली तीन बोटं आत.

वेणी सुटली. अमर मागे सरकत ओट्यावरून खाली पडला. दंडात सुई आणि सुईला लोंबणारा अर्धा विणलेला हिरवा मोजा, असा तो रस्त्यात उभा राहिला आणि खुनी लोक आहेत म्हणून ओरडू लागला. संजयने त्याचा पांढरा शर्ट पुढून धरला. या शांत माणसाने जन्मात कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे त्याला मुठीत अंगठा कुठे ठेवायचा ते माहीत नव्हतं. तरी त्याने मारलं, आणि त्याचाच अंगठा मुरगळला. हंसाबाई सूप घेऊन धावली आणि तुरीसकट ते तिने जावयाच्या पाठीत घातलं. गल्लीतल्या लोकांनी सुई मोज्यासकट उपसून घेतली आणि मिळून त्याला बसस्टँडपर्यंत नेऊन सोडलं, आणि कसं नेलं हे विचारण्यात अर्थ नाही. मिठाईचा डबा त्याच्या मागून फेकला तो नळावरच्या बाईने.

पोलीस ठाण्यात जाऊन, जबाब देऊन, दवाखान्यात करंगळीचा फोटो काढून तिघं घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. उज्ज्वलाच्या ओठाला दोन टाके पडले होते. ती ओट्यावर बसून हिरवे तुकडे गोळा करायला लागली. आजीचा उपाय वाया गेला, पोरीचं कपाळ फुटलं, आणि हे सगळं आपल्या हट्टामुळे, असं तिला वाटत होतं आणि ते बरोबरच होतं.

अपेक्षा तिच्याजवळ येऊन बसली. कपाळावर पट्टी, मांडीवर सोनू.

"आई, आबाजीले माहीत असंल ना, लोकर तुटते म्हणून?"

"बैल धरणारा माणूस तो. बोटानं तुटली असती."

"मंग?"

"नाई तोडली," उज्ज्वला म्हणाली, आणि त्या अंगणात नऊ वर्षांच्या पोरीला जे रडू फुटलं नव्हतं ते तिला आता, पन्नाशीला टेकल्यावर, गल्लीसमोर फुटलं.

अपेक्षा आत गेली आणि बॅगेतून राखाडी रंगाचा स्वेटर घेऊन आली. अमरचा. एकच बाही राहिली होती. तिने गळ्याशी गाठ कापली आणि धागा ओढला, तसे टाके सरसर सुटत गेले. संजयने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले, सुजलेल्या अंगठ्यासकट. अपेक्षा त्याच्या हातांवर लोकर चढवत राहिली. करंगळी वाकत नव्हती, तर तिने धागा शेजारच्या बोटावरून घेतला.

सोनू कुरकुरायला लागली तशी उज्ज्वलाने तिला मांडीवर घेतलं. एका पायात स्वतः विणलेला घट्ट मोजा चढवला. दुसरा मोजा पुराव्याला ठाण्यात राहिला होता, म्हणून तो पाय पदरात गुंडाळला. मग ठसठसत्या ओठांनी ती गोष्ट सांगायला लागली. तीन महिन्यांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? तरी या खेपेला उज्ज्वलाने गोष्ट चाबकापासून सुरू केली.