सत्काराच्या स्टेजमागे

जरा इकडे सरका आणि कान माझ्याकडे करा. तुमची खोडच आहे ती, लांबून ऐकायची. म्हैसूरला येता, राजवाडा बघता, रेशमी साडी घेता आणि परत जाता. सरस्वतीपुरमात तुमची एक म्हातारी राहते, ती दिवसभर करते काय, हे कधी विचारलंत? नाही ना. मग आता ऐका. मी मुलींची बेसबॉलची टीम चालवते. हसू नका.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापड रंगवणं, छापणं चालू होतं. पुढं ज्याला जे मिळालं ते त्यानं धरलं. मला मुलींच्या शाळेत खेळाच्या सामानाची खोली सांभाळायचं काम मिळालं. हा खेळ शिकले ती तिथंच, बघून बघून. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुली गोळा केल्या. फाटके हातमोजे चांभाराकडून शिवून घ्यायचे, बेससाठी गोणपाटात काथ्या भरायचा, नव्वद फूट दोरी ताणून चुन्यानं रेघ मारायची. दोरी ताणायला मला कुणी शिकवावं लागलं नाही; ओली थानं वाळत घालणाऱ्या घरातली मी. लोक कुंपणाशी उभे राहून विचारायचे, अज्जी, स्टंप कधी लावणार? मी म्हणायची, तुम्ही घरी गेल्यावर.

मग लीग आली. अय्यो, ती लीग. चार गावांच्या चार टीम, आणि म्हैसूरची टीम घेतली इथल्याच एका बांधकामवाल्यानं. मुली आमच्या, मॅनेजर मी, नाव त्यांचं. मालकांना बेसबॉलचं एवढं प्रेम, की पहिल्या बैठकीत दीड तास एकच चर्चा: शर्टावर त्यांचा फोटो छातीवर घ्यावा की पाठीवर. अंपायर कुठून आणायचा, दुखऱ्या खांद्याला लावायला बर्फ कुठून, सामन्याच्या सकाळी मुलींनी खायचं काय, हे विचारलं तर म्हणाले, "अम्मा, अड्जस्ट माडी." म्हणजे तुमचं तुम्ही बघा. बर्फ मी मासळीवालीकडून आणला, इडल्या घरून नेल्या. हत्तीचा पोशाख घालून नाचायला मात्र बेंगळुरूहून माणूस आला, आणि त्याला हॉटेलात वेगळी खोली.

शर्ट जांभळे होते. मी कापड ओल्या बोटानं चोळलं आणि सांगितलं, हा रंग सुटणार. ऐकतो कोण. पहिल्याच सामन्यात घाम आला आणि सगळ्या पोरींच्या माना जांभळ्या. मालकांचा फोटो तेवढा पक्का निघाला.

आमच्यात एक डावखुरी पिचर होती. पिचर म्हणजे मधोमध उभी राहून बॅटवालीकडे चेंडू फेकणारी. सोसले गावची पोर, दोन बस बदलून यायची. घरच्यांनी तिला बजावलं होतं, राज्याच्या कॅम्पला निवड झाली तर वर्षभर खेळ, नाहीतर सोमवारपासून कपड्यांच्या कारखान्यात जा. निवड करणारे साहेब बेंगळुरूहून येणार ते फक्त शेवटच्या सामन्याला, रविवारी. मैदान कॉलेजचं, एक वाजेपर्यंत दिलेलं. पुढं तिथं लग्नाच्या गाड्या लागायच्या होत्या. साहेबही एक वाजताच निघणार. सामना दहाला. मी म्हटलं, वेळ भरपूर आहे.

आमच्या गावातला सत्कार तुम्ही बघितलेला नाही, म्हणून तुम्हालाही तसंच वाटेल. डोक्यावर म्हैसूरचा पेटा, म्हणजे आपला फेटाच, खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, हातात फळांची परडी, आणि प्रत्येकाची ओळख जन्मापासून. त्या रविवारी स्टेजवर सतरा जण. आधी पाहुण्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मालक बोलायला उठले ते बसेचनात. आमच्या मुली षटकारांचा पाऊस पाडतील म्हणाले. षटकार. माझ्या मुलींनी माना खाली घातल्या.

पोरीनं दहाला खांदा गरम केला, तो गार झाला. अकराला पुन्हा केला, पुन्हा गार. खांदा म्हणजे काय कॉफी आहे, परत परत चुलीवर ठेवायला? बारा वाजून गेले. साहेब पेटा घालून स्टेजच्या मधोमध अडकलेले. सकाळी मी मारलेली चुन्याची रेघ ती पोर बुटाच्या टोकानं पुसत होती. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी पुसू दिली.

तेवढ्यात सत्कारासाठी मलाच पुकारलं. वर गेले. मालक पेटा घेऊन पुढं आले, मी त्यांना ओलांडून साहेबांसमोर उभी राहिले.

"साहेब, उठा. जिला बघायला आलात ती खाली ताटकळत उभी आहे."

मालक माइकसमोर हसले. "अम्मा, आभारप्रदर्शन बाकी आहे."

"ते तुम्ही अड्जस्ट माडी," मी म्हटलं.

साहेब उठले. मला वाटतं, कुणी उठवायचीच वाट बघत होते. मैदानात हत्ती नाचत होता, म्हणून त्यांना स्टेजमागे नेलं. पावलांनी साठ फूट मोजले, चेंडू झेलणारी कॅचर उकिडवी बसली. पहिले दोन चेंडू खुर्च्यांच्या ढिगावर गेले. पोर रडायच्या बेतात. तिसरा मात्र कॅचरच्या हातमोज्यात असा बसला की स्टेजवरचे सगळे पेटे मागं वळले आणि आभार मानणारा कुणाचे आभार मानत होता ते विसरला. साहेबांनी वीसेक चेंडू बघितले. "पुढचा पाय जरा आत टाक," एवढंच म्हणाले. तिनं टाकला. मग साहेबांनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर तिचं वय आणि गाव लिहून घेतलं. "पुढच्या आठवड्यात कॅम्पला ये. आईला आण, फॉर्मवर सही लागेल."

पोर माझा हात धरून उभी राहिली, चांगला दुखेपर्यंत.

सामन्याचं विचारू नका. जेमतेम दोन डाव झाले आणि लग्नाच्या गाड्या आत शिरल्या. या खेळात बरोबरी नसते, पण मालकांनी ती केली आणि कप दोन्ही टीमच्या हातात देऊन मधोमध आपण उभे राहिले, बॅट क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून. आठवड्यानं त्यांच्या ऑफिसातून फोन आला, पुढच्या वेळी प्रोफेशनल मॅनेजर ठेवणार म्हणून. मी म्हटलं, ठेवा, चुना कुठं मिळतो ते त्यांना सांगेन.

आता उरलेल्या मुली पुन्हा माझ्याकडेच आहेत, साध्या पांढऱ्या शर्टात. ती डावखुरी कॅम्पवर आहे. पुढच्या महिन्यात दहा दिवस सुट्टीवर येणार, आणि रविवारी सकाळी आमच्या मैदानावर फेकते म्हणालीय. दहाच दिवस, मग पुन्हा जाईल. तेव्हा लवकर निघा. आधी माझ्याकडे या, सामान टाका, आणि सातच्या आत माझ्याबरोबर मैदानावर चला.