ग्रुपवर टाकलेली बातमी

दारव्ह्याची बातमीदारी मी वीसेक वर्षं केली. बातमी छापून आली की सकाळचं पहिलं काम ठरलेलं, कात्रणाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. टाइप करूनही टाकता आली असती. पण बातमीवर छापलेलं आपलं नाव चारचौघांना दिसलं पाहिजे, ही हौस दांडगी.

त्या ग्रुपवर माझा थोरला भाऊही आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही, नेरला राहतो. फोनमधली बाई त्याला आलेला मजकूर वाचून दाखवते, याचं कौतुक मी गावभर सांगायचो. ती माझी कात्रणं वाचते का, हे मात्र कधी विचारलं नाही.

दादाचा बालमित्र दारव्ह्यातच होता. लहानपणी त्याच्याच खांद्यावर हात ठेवून दादा सगळीकडे फिरला. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो वारला. बातमी मीच दिली, अंत्ययात्रा दुपारी तीनला. सकाळी कात्रण ग्रुपवर टाकलं. त्याच्या मुलाने विचारलं, काकांना कळवलं ना? मी म्हणालो, सकाळीच.

स्मशानात दादा दिसला नाही. मला त्याचा रागच आला. एवढा जिवाभावाचा माणूस गेला आणि याला नेरहून येणं झालं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. रविवारी येतो, मित्रासाठी बोरं आणतो म्हणाला. मित्र गेल्याचं सांगितलं, आणि वर विचारलं, ग्रुपवर टाकलं होतं ना मी?



"तू रोज टाकतं," तो म्हणाला. "माह्या कानात रोज एकच येते, फोटो. तुही वयनी वाचून देते, पण ते माहेरी गेलती."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, म्हटलं.

"तू खुशीनं टाकतं. काहून दुखवा तुले."

मला माझीच लाज वाटली. रविवारी मीच नेरला गेलो. ती बातमी लिहून पाठव, मला ऐकायची आहे, असं तो म्हणाला. त्याच्यासमोर बसून टाइप केली. माझं नाव तेवढं गाळलं. फोनने ती सपाट आवाजात वाचली. दादाने पुन्हा लावली, आणि अंत्ययात्रेच्या वेळेपाशी थांबवली.

"तीनले मी घरीच होतो," तो म्हणाला. "रिकामाच बसलतो."