सेमीफायनलला गदा गेली

ती केस आठवली की मला आधी हसू येतं, आणि हसता हसता आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढं आला की मी गप्प होते. खून, दरोडे, अपघात सगळं पाहिलं नोकरीत, पण नातवंडं गोष्ट सांग म्हणाली की मी हीच सांगते. नावं सांगणार नाही. माणसं अजून गावातच आहेत आणि त्यांना लोक टोपणनावांनीच ओळखतात.

धाराशिव शहरात एक परमिट रूम होती. मालक जुने पैलवान. जवानीत जत्रेच्या फडात त्यांनी चांदीची गदा मारली होती. कान मोडलेले, मान बैलासारखी, आणि मन लोण्यासारखं, पण ते लोणी डोकं तापलं की आधी उकळायचं. भिंतीवर कुस्तीचे फोटो, मधोमध मोठा टीव्ही. तिथं लोक प्यायला कमी आणि मॅच बघायला जास्त यायचे.

त्या मंडळींचा एक नियम होता. भारताची मॅच चालू असताना ज्याची जी खुर्ची, ती त्याचीच. मध्येच कोणी हललं आणि तेवढ्यात आपली विकेट पडली, की तो माणूस बाद. त्यानं बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. नियम घातलेला गुरुजींनी. हे शाळेतले पीटीचे शिक्षक, रिटायर झालेले, गळ्यात अजून शिट्टी. दारूला शिवायचे नाहीत. लिंबू सोडा घ्यायचे आणि अख्ख्या परमिट रूमला शिस्त लावायचे.

आणि आप्पा. उमरग्याच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव. घरी कानडी, इथं मराठी, रागावले की दोन्ही. वीस-बावीस वर्षं पैलवानांकडं वेटर होते. कोणाला तिसऱ्या पेगनंतर रडू येतं, कोणाला घरी पाठवायचं, सगळं त्यांना ठाऊक. एखाद्याला जास्त झाली की त्याच्यापुढं बिल ठेवायचे आणि म्हणायचे, "मालक, तुमची इनिंग डिक्लेअर."

तर मी तेव्हा शहर ठाण्यात फौजदार होते. दहावीवर शिपाई म्हणून भरती झालेली बाई, खात्याच्या परीक्षा देत देत तिथवर पोचले. एका शुक्रवारी सकाळी पैलवान ठाण्यात आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, माझी गदा चोरीला गेली. आन् चोर माझ्याच घरात हाय."

गदा काउंटरमागच्या काचेच्या कपाटात असायची. क्रिकेटची स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांनी पॉलिश करून ती मुद्दाम पुढं मांडली होती. आदल्या संध्याकाळी सेमीफायनल झाली आणि सकाळी आप्पा उदबत्ती लावायला गेले तर कपाट रिकामं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली काउंटरखालच्या खिळ्याला, आणि ती आप्पांच्या हवाली. झालं. पैलवानांनी सगळ्या नोकरांसमोर आणि सकाळच्या दोन-चार गिऱ्हाइकांसमोर आप्पांची पेटी उघडायला लावली. त्यातून निघालं काय, तर दोन लुंग्या, विभूतीची डबी आणि मुलीचा फोटो.

पैलवानांचा हट्ट, गुन्हा आप्पांच्या नावावरच नोंदवा. मी अर्ज घेतला आणि म्हटलं, आधी प्राथमिक चौकशी करते. नोकरावर चोरीचा गुन्हा म्हणजे साधी गोष्ट नसते. कोर्टात सुटला तरी गावात सुटत नाही.

दुपारी हवालदाराला घेऊन मी जागेवर गेले. बाई आणि त्यात वर्दीतली, आत शिरली म्हटल्यावर टेबलांखाली ग्लास लपवायची एकच घाई. कायदेशीर परवाना असलेली जागा, पण माणसं अशी बसली की जणू कीर्तनाला आलीत. मी म्हटलं, "चालू द्या तुमचं, मी गदेसाठी आले." तेव्हा कुठं एकेक ग्लास वर आला.

कॅमेरा होता. पण मॅचच्या दिवशी त्याचा प्लग काढून तिथं मोठा स्पीकर लावायचे. मी पैलवानांकडं बघितलं. ते म्हणाले, "आवाज कमी पडतो हो."

आप्पा कोपऱ्यात उभे होते. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही काही बघितलं का?"

"अक्का, मॅच असली की मी बी मॅचच बघतो. म्या घेतली न्हाय. एवढंच ठाऊक हाय मला." पुढं काही बोलले नाहीत. खरा चोर अर्धा तास शपथा घेतो, हे मी नोकरीत बघितलेलं. पण हा पुरावा होत नाही.

निघता निघता गुरुजी सोड्यात चमचा फिरवत म्हणाले, "कशाला एवढी धावपळ, मॅडम. सोमवारी सापडंल गदा."

"सोमवारी का?"

"आपलं... मनाला वाटतंय."

मी ते डोक्यात ठेवलं. सापडेल असं कोणीही म्हणतं. वार कोणी सांगत नाही.

शनिवारी सकाळी पैलवान पुन्हा हजर, कपाळाला शेंदूर. "आत्ताच तालमीत जाऊन मारुतीला सांगून आलोय. सांजपर्यंत गुन्हा न्हाय नोंदवला तर वर साहेबांकडं जातो." तेवढ्यात हवालदारानं कानात सांगितलं, आप्पांनी कालपासून अन्न घेतलं नाही, गाठोडं बांधलंय, संध्याकाळच्या एसटीनं गावाला निघालेत. आता ते असे गेले असते तर सगळ्या गावानं म्हटलं असतं, बघा, चोर पळाला.

मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं. आता माझी एक सवय सांगते. माणसाला चोरीचं विचारलं की तो शब्द तोलतो. म्हणून मी चोरीचं विचारलंच नाही. मी म्हटलं, मॅच कशी झाली ते सांगा. मग काय, एकेकाला आवरायची पंचाईत.

एक रिटायर एसटी ड्रायव्हर होते. ते खुर्चीवरून उठून हवेत बॅट फिरवूनच सांगायला लागले. "आठ विकेटी गेल्या, मॅडम. मॅच गेलीच म्हणा की. आन् मग ते शेवटचं दोन गडी असं खेळलं, असं खेळलं..."

"आठवी विकेट पडली तेव्हा कोण बाद झालं?"

"गुरुजी. सोताहून उठले, मागच्या दारानं भायेर गेले. म्हणाले माझा पाय हलला."

"आणि मग?"

"मग मॅच फिरली की."

"गुरुजी याआधी कधी बाद झाले होते?"

ड्रायव्हर बॅट फिरवायची थांबले. "न्हाय बा. नियमच त्यांचा. ते कशाला जातील?"

आठवी विकेट पडल्यावर अख्खी खोली टीव्हीकडं बघत होती. मागच्या दाराला जायची वाट काउंटरला खेटून, आणि किल्ली तिथंच खिळ्याला. आणि फायनल होती रविवारी. मी गुरुजींना बोलावणं धाडलं.

आले ते ताठ, शिट्टी-बिट्टी घालून. मी चहा मागवला आणि सरळ म्हटलं, "गुरुजी, गदा कुठंय?"

"रविवारनंतर विचारा. शब्द देतो, सगळं सांगीन."

"आत्ता का नाही?"

"सांगितलं की तोडगा मोडतो, मॅडम. पैलवानानं ती गदा पुढं मांडली तवापासनं बघा. एक मॅच हरलो, एक जाता जाता वाचली. आन् ती हलवली तर हातातून गेलेली मॅच आली. साऱ्या देशाचा प्रश्न हाय."

हे सांगताना माणूस इतका गंभीर होता की हवालदार तोंडावर फाईल धरून बाहेर गेला. मी हसले नाही. म्हटलं, "आणि आप्पांचं काय?"

"आप्पाचं काय? पैलवान त्याला रोज कामावरून काढतो आन् रोज ठेवतो. त्यांचं चालूच असतं."

"गुरुजी, आज ते रोजचं नाही. पेटी उघडली चार माणसांत. आप्पा जेवलेले नाहीत. सांजच्या गाडीनं चाललेत. आणि सांजेलाच मला त्यांच्या नावावर गुन्हा नोंदवावा लागेल."

गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या हरलो तर हरलो. चला."

तालमीत नेलं त्यांनी. बाजाराच्या पिशवीत घालून आणली होती गदा, आणि ठेवली कुठं, तर मारुतीच्या पायाशी. "पैलवानाची गदा कुठंबी टाकता येत न्हाय," म्हणाले. तिथं आधीच पैलवानांनी वाहिलेल्या तीन-चार गदा होत्या. हिलाही शेंदूर फासलेला, वर रुईच्या माळा. सकाळी पैलवानांनी डोकं टेकून गदा परत मागितली, ती त्यांच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होती.

पैलवानांना तिथंच बोलावून घेतलं. त्यांनी माळ बाजूला केली, गदा बघितली, गुरुजींकडं बघितलं. मला वाटलं, आता गुरुजींचं काही खरं नाही. पण ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, "आप्पाला काय तोंड दाखवू आता?"

मग मला विचारलं, "मॅडम, मी अर्ज मागं घेतो. मिटलं ना?"

मी म्हटलं, "ठाण्यात मिटलं. तुमच्या हॉटेलात नाही मिटलं. पेटी कोणासमोर उघडलीत?"

समजले ते. एसटी स्टँडवर स्वतः गेले, गाठोडं स्वतःच्या खांद्यावर टाकून आप्पांना घेऊन आले. संध्याकाळची गर्दी होती. टीव्ही बंद करायला लावला, आणि त्या जागेत टीव्ही बंद म्हणजे लोकांना वाटलं कोणीतरी गेलं. पैलवान मधोमध उभे राहिले. मग त्यांनी आप्पांचं मनगट धरलं आणि फडात पंच जिंकलेल्या गड्याचा हात धरतात तसा त्यांचा हात वर केला. आणि नुसता वर करून थांबले नाहीत, प्रत्येक टेबलापुढून फिरवलं, जसं मैदानात चारी बाजूंना दाखवतात.

शिट्ट्या, टाळ्या. कुस्ती जाणणारी माणसं ती, वेगळं सांगायला लागलं नाही. गुरुजी पुढं आले आणि आप्पांच्या पायाला हात लावायला वाकले. आप्पांनी त्यांना वरच्या वर धरलं. डोळे भरलेले, पण पैलवानांना म्हणाले, "हात सोडा आता. तीन नंबरची ऑर्डर थांबलीया."

राहिला प्रश्न गदेचा. पैलवान म्हणाले, आत्ता घेऊन येतो. आप्पांनीच अडवलं. "राहू द्या की मारुतीपाशी, उद्यापुरती. गुरुजी म्हणत्यात तर." ज्याचं नाव त्या तोडग्यापायी जात होतं, तोच असं म्हणाला. पैलवानांनी मान डोलावली.

रविवारी मात्र आपण हरलो. सोमवारी सकाळी मी जीपमधून त्या रस्त्यानं चालले होते, तर पायरीवर बसलेली मंडळी माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू शेवटचा कॅच मीच सोडला. गुरुजींनी तोडगा बोलून मोडला, आणि बोलायला लावलं कोणी, तर पोलिसांनी. आप्पा तेवढे दारात उभे होते. त्यांनी जीप थांबवली, हातात चहाचा ग्लास दिला आणि म्हणाले, "अक्का, ह्यांचं मनावर घेऊ नका. पण पुढच्या फायनलला तुम्ही सुट्टी टाका."

त्या केसनं मला एक शिकवलं. अर्ज निकाली काढणं हे पोलिसाचं काम, पण माणसाचं नाव कागदावर मळत नाही, चारचौघांत मळतं. म्हणून पुढं कोणी नोकरावर संशय घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारायचे, झडती कोणाकोणासमोर घेतलीत? आणि तो माणूस निर्दोष निघाला की मालकाला सांगायचे, आता त्याच माणसांना पुन्हा गोळा करा. काही जण कुरकुरायचे. पण केस हातावेगळी झाली असं मी तोवर म्हणत नसे.