भुरी मागायला गेलो

सगळी झाडं हिरवीगार, आणि मॅडम डोकं धरून बसलेल्या.

निपाणीजवळ एका बियाणं कंपनीच्या पॉलिहाऊसात मी कामाला आहे. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण माझं काम दुसऱ्याला जमत नाही, म्हणून या वयातही ठेवलंय. टोमॅटोवर भुरी पोसायची, हे माझं काम. भुरी म्हणजे पानावर पीठ सांडल्यासारखा दिसणारा रोग.

मॅडम धारवाडकडच्या. त्यांचं संशोधन मला समजलं तसं सांगतो. भुरीला पानात शिरायला टोमॅटोचंच एक जनुक मदत करतं. जनुक म्हणजे झाडानं कसं वाढायचं याची बियातच असलेली सूचना. मॅडमनी तेवढं एक जनुक बंद पाडलं. बाहेरचं काही घातलं नाही. आता या झाडांवर मुद्दाम भुरी सोडायची, शेजारी साधी झाडं ठेवायची. साधी पांढरी पडली आणि मॅडमची हिरवी राहिली, तर काम पास. कंपनीचे बेळगावचे साहेब बघायला येणार होते. काम फसलं तर मॅडमची झाडं उपटून पॉलिहाऊस कंपनीतच काकडीवर काम करणाऱ्या काकडीवाल्यांना जाणार होतं.

आणि आता साधी झाडंही हिरवी झालेली. कामाला येणाऱ्या पद्माक्काला मी विचारलं.

"आंबट ताक फवारलंय मी," ती म्हणाली. "रोज बघवंना. तुमास्नी काय वाटतच न्हाय."

"आक्का, ती आजारीच पायजे हुती."

"आसलं कसलं काम ओ अण्णा? झाड आजारी पाडायचं आन बघत बसायचं?"

ताकानं भुरी जाते हे आमच्याकडं घरोघरी माहीत. मी जाऊन मॅडमना सांगितलं.

मॅडमनी साहेबांना फोन लावला. "सगळी हिरवी? मग चांगलंच की," साहेब म्हणाले.

"नाही सर. भुरीच उरली नाही. माझी झाडं कशामुळं वाचली, हे मला सांगता येणार नाही."

महिनाअखेरपर्यंत वेळ मिळाला. पण भुरी आणायची कुठून? ती जिवंत पानावरच जगते, बाटलीत भरून ठेवता येत नाही. मी म्हणालो, "मॅडम, शेतकरी तुम्हाला दाद देणार न्हाईत. मी जातो."

मलाही दिली नाही. आपल्या रानात रोग आहे हे कोण कबूल करतंय? एकजण म्हणाला, "आमच्या प्लॉटात भुरी? कोण बोललं?" दुसरा हसला. "अण्णा, लोक औषध मागत्यात, तू रोग मागतोस व्हय? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" मी आजवर कुणाच्या बांधावर हात पसरला नव्हता. तडक घरी आलो. पुन्हा जाणार नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना तसं सांगितलं. त्या आपल्या झाडांची वाळकी पानं काढत राहिल्या. पद्माक्का माझ्याजवळ आली. "माझ्या भावाच्या रानात हाय. त्यो कबूल व्हणार न्हाय. मी येते संगं."

भाऊ आधी तिच्यावरच चिडला. "आक्का, घरातलं भाईर कशाला काढतीस?"

"रोगच हाय न्हवं? चोरी केलीस काय?"

त्यानं माझ्या हातातला डबा घेतला. मग स्वतःच चांगली पांढरी पानं निवडून डब्यात घातली. "न्या. पण माझं नाव घ्यायचं न्हाय." मी शब्द दिला. म्हणून इथं गावाचं नाव नाही, आणि पद्माक्काचं नावही खरं नाही.

ती पानं मी दोन्हीकडच्या झाडांवर झटकली. पद्माक्का बाहेर थांबली. आधी ठिपके आले, मग साधी झाडं पिठात बुडवल्यासारखी झाली. मॅडमची हिरवी राहिली. त्यातल्या दोन झाडांवर थोडे ठिपके आले. मॅडमनी ती लपवली नाहीत, साहेबांना दिसतील अशी पुढंच ठेवली.

साहेब आले ते आधी आजारी झाडांकडं गेले. पानं उलटून बघितली. "ही कुणी सांभाळली?"

"मी."

"उत्तम."

आयुष्यभर शेती केली, पीक चांगलं आलं म्हणून कुणी असं म्हटलं नव्हतं. मॅडमचं काम पास झालं. काकडीवाल्यांना दुसरी जागा मिळाली. पद्माक्का आजारी झाडांकडं अजून फिरकत नाही, मीही आग्रह करत नाही.

आमच्या कामात निरोगी झाडाची साक्ष आजारी झाड देतं. म्हणून पाणी दोघांनाही सारखंच घालावं लागतं.