फर्नेस स्ट्रीटची पाहुण्यांची वही

हायवेवरून जाताना तपकिरी पाटी दिसते, ‘प्राणिसंग्रहालय, उजवीकडे’, आणि तुम्ही गाडी उजवीकडे घालता. पण जी पाटी तिथे नाही ती कुणी लावू दिली नाही, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

ओलेटा प्रुइटने विचारलं. तीन वर्षं विचारलं, आणि दर वेळी तिच्या हातात एक नवा फॉर्म पडला.

ओहायोतलं टेलफर्ड. दोन लाख वस्ती आहे, पण राहणारे त्याला गावच म्हणतात. तिथे ओलेटाने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. आवाज असा की शेवटच्या बाकावरची मारामारी, मागे न बघता, एका हाकेत थांबायची. निवृत्त झाली तेव्हा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि फर्नेस स्ट्रीटवरचा काचकामगारांचा जुना युनियन हॉल कुलूप लागून धूळ खात पडला होता. तिने किल्ली मागून घेतली आणि आत काच मांडली.

काच म्हणजे बाटल्या नव्हेत. बाटल्या कंपनीच्या. पाळी सुटली की भट्टीच्या तळाशी उरलेल्या काचेतून कामगार स्वतःसाठी काहीबाही करायचे: पीळदार छड्या, एकात एक अडकवलेल्या कड्यांच्या साखळ्या, टोप्या, डुकरं. काचेची छडी दाराशी टांगून रोज सकाळी पुसली, की घरातलं दुखणं तिच्यावर येऊन बसतं आणि फडक्याबरोबर निघून जातं, असं त्या गल्लीत अजून मानतात. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं झाली, पण पुसणं चालू आहे. ओलेटाने दारोदार फिरून दोनशे चाळीस नग जमवले. एकही विकत घेतला नाही. लोकांनी दिले.

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हॉल आता महापालिकेचा, आणि महापालिकेला बेसबॉलच्या मैदानासाठी पार्किंग हवं होतं. हॉल ‘पर्यटनस्थळ’ म्हणून नोंदला गेला, तर हायवेवर तपकिरी पाटी लागेल आणि दहा वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही. नाही तर पाडणार. नोंदीच्या अटी पर्यटन मंडळाच्या: व्हीलचेअर जाईल असा संडास, बारा गाड्यांची जागा, आणि वर्षभरात हजार पाहुणे, वहीत नावगावासकट. मुदत एकतीस ऑक्टोबर.

संडास चर्चच्या माणसांनी बांधून दिला. गाड्यांच्या जागेचे पट्टे ओलेटाने स्वतः रंगवले. सप्टेंबर संपला तेव्हा तिने वही मोजली. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

तिला वाटलं, आपण चुकलो. पुन्हा मोजली. हॉल तर कधी रिकामा नसायचा! गुरुवारी म्हातारे कॉफी प्यायला यायचे, शनिवारी नातवंडांना घेऊन बाया यायच्या. समोर वेन्डेल टॅकेट बसला होता. वय ब्याऐंशी, जन्मभर काच फुंकून गाल पिशवीसारखे लोंबलेले, दर गुरुवारी हजर.

“वेन्डेल, तू या वहीत कधी सही केलीस?”

“मी? मी कशाला करू? मी काय पाहुणा आहे?”

“तीन वर्षं येतोयस!”

“ती निळी छडी माझ्या बापाने ओढलीय. बापाच्या वस्तूला भेटायला यायचं आणि वर सही करायची? मी सही फक्त मयताला आलेल्यांच्या वहीत करतो. तू मेलीस की करतो, जा.”

“त्याआधी हा हॉल मरेल, म्हाताऱ्या!”

ओलेटाने गल्लीत ज्याला त्याला विचारलं. उत्तर एकच. ती वही बाहेरच्यांसाठी आहे ना? आपण सही केली तर परके ठरू, वाईट दिसेल. घरच्या माणसाने घरात नोंद करायची नसते! आपलेपणापायी या लोकांनी आपल्याच हॉलचा गळा आवळत आणला होता, आणि वर प्रेमाने विचारत होते, “का गं, चिडलीस?”

पुढच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण होतं. ताटं भरलेली, कोबीच्या कोशिंबिरीचे ढीग, गप्पांचा गोंगाट. ओलेटा खुर्चीवर चढली आणि तिने बसमधला आवाज काढला.

“सगळे गप्प! मासा तोंडात असेल तर गिळा आणि ऐका. उद्या हॉलवर यायचं, काच बघायची आणि सही करायची. इथे वही आणलेली नाही. खोटी एकही सही मला नको. ज्याला लाज वाटेल त्याने पार्किंग झालेलं बघायला यावं!”

“आणि खायला ॲपल पाय मिळेल का तिथे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“लाथ मिळेल!”

लोक हसले. पण आले. ऑक्टोबरचे सगळे शनिवार रांग कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली. कित्येकांना तिने बसमधून शाळेत नेलेलं होतं. ते आता टक्कल पडलेले, पोरांना खांद्यावर घेऊन उभे. शेवटी वेन्डेल आला. कुरकुरत पेन घेतलं, आणि ‘कुठून आलात’ या रकान्यात लिहिलं: ‘इथलाच. तू कुठून आलीस?’

एकूण अकराशे सात.

ओलेटाने चर्चला जायचा कोट घातला आणि वही मंडळाच्या कार्यालयात नेली. तिथल्या केन्ड्रा व्हॉस्लर या तरतरीत पोरीने वही दोन्ही हातांत घेतली. भिंतीवर शहराचा नकाशा होता, हॉटेलांतून वाटतात तो: मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय, बेसबॉलचं मैदान, भोपळ्यांचं शेत. रेल्वेच्या रुळांपाशी नकाशा संपत होता. फर्नेस स्ट्रीट रुळांपलीकडे.

“मिसेस प्रुइट, किती सुंदर काम केलंत! फक्त एक आहे. यातले बहुतेक लोक टेलफर्डचेच दिसतात.”

“मग?”

“नियमाप्रमाणे पाहुणा म्हणजे पन्नास मैलांच्या बाहेरून आलेला. पान चार, तळटीप.”

ओलेटाने पान चार काढलं. तळटीप होती. मुंगीने लिहिल्यासारखी, पण होती.

“प्राणिसंग्रहालयात कोण जातं गं?” तिने विचारलं. “एकतीस वर्षं मी पोरांना तिथे नेलंय. दर मे महिन्यात, बस भरभरून. ती सगळी इथलीच. ती मोजली ना तुम्ही?”

“प्राणिसंग्रहालय या नियमाच्या आधीचं आहे.”

“म्हणजे इथली माणसं माकड बघायला गेली तर माणसं, आणि बापाचं काम बघायला आली तर कुणीच नाहीत?”

केन्ड्रा गोरीमोरी झाली. “मला स्वतःला हे पटत नाही. मी मुदत वाढवून घेते, मेअखेरपर्यंत. एवढंच माझ्या हातात आहे.”

तिने तेवढं खरंच केलं, हे तिच्या पदरात घालायला हवं. दोघींनी बसून नावं मोजली. पन्नास मैलांबाहेरची तीनशे एकेचाळीस. कमी पडत होती सहाशे एकोणसाठ.

गुरुवारी वेन्डेलला कळलं तेव्हा तो खोकेपर्यंत हसला. “मी काय सांगत होतो? मी पाहुणा नाही! मंडळालाही तेच वाटतं!”

ओलेटा हसली नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते तिला मान्य होतं. पण जिथे पिकतं तिथल्या माणसाची सहीसुद्धा धरायची नाही, ही शिकल्यासवरल्यांची अक्कल तिच्या घशाखाली उतरेना. इतकी वर्षं या लोकांनी शहराला बाटल्या दिल्या, पोरं दिली, कर दिला. आता हॉल वाचवायचा, तर तिकडे दूर आयोवा राज्यातल्या कुणाची तरी सही हवी!

आणि आयोवातलेच आले. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एक नवरा-बायको घाईघाईने आत शिरले. संडास कुठाय विचारलं. बाहेर आल्यावर मत्स्यालय कुठाय विचारलं.

“सांगते,” ओलेटा दाराशी उभी राहून म्हणाली. “पण आधी पाच मिनिटं काच बघा.”

“गाडीत कुत्रा आहे हो,” बाई म्हणाली. तरी निळ्या छडीपाशी ती थबकली, वाकून बघत राहिली. नवऱ्याने तोवर पेन उचललं, ‘डेल’ एवढंच खरडलं आणि बायकोला हाक मारली. गावाचा रकाना कोरा. ओलेटा वही घेऊन फूटपाथपर्यंत धावली. गुडघा अडला, गाडी निघून गेली. मंडळाच्या हिशेबी तो डेल आलाच नाही.

हॉल अजून उभा आहे, आणि मे संपायला अवकाश आहे. तुम्ही जे कुणी हे वाचताय ते पन्नास मैलांच्या बाहेरचेच आहात. तेव्हा कामाने, लेकीकडे, कशानेही त्या बाजूला गेलात, तर रूळ ओलांडा, फर्नेस स्ट्रीटवर गुरुवार ते शनिवार हॉल उघडा असतो. काच नीट बघा. मग सही करा, आणि कृपा करून गावाचं नाव पूर्ण लिहा.