दर पाच मिनिटांनी बंद असलेलं दार

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात त्या सकाळी मी नव्या पोरांना शहाणपण शिकवत होते. क्लासिकल लॉजिक विचारतं, दार बंद आहे का? हो किंवा नाही, विषय संपला. मोडल लॉजिक तेवढ्यावर सोडत नाही. नेहमीच बंद असतं का, मधेच कधी उघडू शकतं का, हेही विचारतं. "दहा वेळा बघितलं, दहाही वेळा बंद दिसलं, म्हणून कायम बंदच होतं असं कोडमध्ये लिहाल तर याद राखा," असं मी फळ्यावर लिहून चांगलं ठणकावलं.

तेवढ्यात घरून, बाबांना सांभाळायला ठेवलेल्या आक्काचा फोन आला. बाबा घरात नव्हते.

बाबा आमच्या आवडी उपनगरातल्या कारखान्यातून रिटायर झालेले. वर्षभरात विसरायला लागले होते आणि ड्यूटी आहे म्हणून उठसूट निघायचे. आक्का दिवसभर त्यांच्याजवळ असते, पण तिलाही आंघोळ असतेच ना. म्हणून मी दाराला सेन्सर लावला, अ‍ॅप स्वतः लिहिलं. बॅटरी टिकावी म्हणून तो दर पाच मिनिटांनी एकदाच बघायचा.

मी अ‍ॅप उघडलं. सकाळपासून दार बंद. आणि मी, मेलीने, त्या बाईलाच झापलं. "दार उघडलंच नाहीये, नीट शोधा, गच्चीच्या जिन्यावर बघा." ती बिचारी परत शोधत बसली. त्यात पंधरा मिनिटं गेली.

मग आठवलं. बाबांनी जन्मात कधी दार उघडं टाकलेलं नाही. बाहेर पडले की ओढून घेणारच. दोन तपासण्यांच्या मधे दार उघडलं, ते गेले, दार बंद झालं. समोर पोरं बसली होती आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात माझी चूक लिहिलेली होती.

शोळिंगनल्लूरहून आवडी म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. टॅक्सीत मी काय करणार होते? काही नाही. अ‍ॅप बघत होते. दार बंद, दार बंद. इतकी भीती मला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती.

ते आवडी स्टेशनच्या बाकावर सापडले. मांडीवर रिकामा डबा.

"बाबा, न सांगता कुठे निघून आलात?"

"कुठे गेलो? सकाळपासून घरातच आहे मी," ते शांतपणे म्हणाले. अ‍ॅपचंही तेच म्हणणं होतं.

आता दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली आक्काच्या कमरेला. दार नेहमी बंद असतं, अगदी मी शिकवते तसं. संध्याकाळी ती मला सांगते, बाबा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने उठतात, कुलूप ओढून बघतात आणि परत येऊन बसतात. आज उघडलेलं असेल, असं त्यांना प्रत्येक वेळी वाटतं.