मावशीने डॉक्टरांना “समजलं नाही” म्हटलं तेव्हा

मंडळी, आज इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवेना!

सोमवारपासून माझं कॅन्सरचं औषध सुरू होणार. सकाळी क्लिनिकमध्ये डॉक्टर भराभर सांगत होते, मी नुसती मान हलवत होते. परतताना बों अक्योय गावात मावशीकडे थांबले. पंच्याऐंशीच्या मावशीने विचारलं, “ताप आला तर काय करायचं गं?” मला आठवेना.

तेव्हा तिने पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट सांगितली. साठच्या दशकात राजधानीत, पोर्ट लुईला, तिच्या छातीतली गाठ काढली होती. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम फ्रेंचमध्ये समजावला. ती “वी, वी”, म्हणजे हो, हो, म्हणाली आणि घरी हात छातीशी धरून बसली. खांदा आखडला. साधा अंबाडा घालता येईना. पुढच्या खेपेला तिने धीर केला. इथल्या क्रेओल बोलीत म्हणाली, “दोक्तेर, मो पा कोंप्रां. मला समजलं नाही.”

डॉक्टर रागावले नाहीत. भिंतीपाशी गेले आणि बोटं हळूहळू वर चढवून दाखवली. मावशी रोज तसंच करत राहिली.

“अंबाडा मीच घातला ना, त्या दिवशी तुझ्या आजीने उसाच्या शेतातल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवला!”

मी तिथूनच क्लिनिकला फोन लावला. नर्सने शांतपणे सांगितलं, ताप आला तर वाट न बघता लगेच कळवा, घरगुती औषधही विचारूनच घ्या. सगळं वहीत उतरवलं.

सोमवारी मावशी येतेय सोबत. म्हणते, “विचार तू. नीट उत्तर मिळेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही!”

तुमच्यासोबत कोण जातं?